हातांना पुन्हा काम देणाऱ्या कमलाबाई निंबकर

आपल्या छावणी परिसराचे नावच सैनिकांच्या मुक्कामाची आठवण करून देते. युद्धे संपतात आणि छावण्या उठतात. परंतु हातपाय गमावून घरी परतलेल्या जवानांचे युद्ध मात्र पुढे अनेक वर्षे चालू राहते. या जखमी जवानांना केवळ जिवंत ठेवून भागणार नाही, तर त्यांना पुन्हा कामाधंद्याला लावले पाहिजे, ही जाणीव पहिल्या महायुद्धाच्या काळात पाश्चात्त्य देशांत दृढ झाली. १९१७ मध्ये अमेरिकेत व्यवसायोपचाराचा प्रसार करणारी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. पुढे हे शास्त्र भारतात रुजविण्याचे श्रेय ज्या स्त्रीकडे जाते, ती जन्माने अमेरिकन आणि संसाराने महाराष्ट्रीय होती. तिचे नाव श्रीमती कमलाबाई विष्णू निंबकर.

कमलाबाईंचे माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. त्यांचा जन्म १९०० साली क्वेकर कुटुंबात झाला. क्वेकर हा शांततावादी ख्रिस्ती पंथ आहे. प्रत्येक मनुष्याच्या ठायी दैवी प्रकाश असतो ही त्याची श्रद्धा असल्याने युद्धाला विरोध आणि पीडितांची सेवा या दोन्ही गोष्टी त्या घरांतील मुलांना बालपणापासूनच परिचित असतात. विष्णू निंबकर यांच्याशी १९३० मध्ये विवाह करून एलिझाबेथ भारताच्या झाल्या. त्यांनी कमला हे नाव स्वीकारले आणि हाच देश आपला मानला. फलटण येथे शेतीसंशोधनाचे मोठे कार्य उभे करणारे बनबिहारी निंबकर हे त्यांचे सुपुत्र होत.

संसार स्थिर झाला आणि मुले मोठी होऊ लागली की बहुतेक माणसे विसाव्याचा विचार करतात. कमलाबाईंनी मात्र वयाची चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा विद्यार्थिदशा पत्करली. अमेरिकेत जाऊन त्यांनी व्यवसायोपचाराचे रीतसर शिक्षण घेतले. आपल्याहून कितीतरी लहान मुलींच्या बाकावर बसून शरीररचना, स्नायूंचे कार्य आणि मनोविकार यांचा अभ्यास करणे सोपे नव्हते. परंतु दयेला ज्ञानाची जोड नसेल तर ती रुग्णाला परावलंबीच ठेवते, हे त्यांनी ओळखले होते.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० मध्ये त्यांनी व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. भारतातील ही अशी पहिलीच शाळा. त्या काळी शस्त्रक्रिया झाली, ताप उतरला की वैद्यकाचे काम संपले अशी समजूत होती. पोलिओने पाय लुळा पडलेले मूल, पक्षाघाताने उजवा हात गमावलेला गृहस्थ, यंत्रात बोटे तुटलेला गिरणी कामगार यांनी घरी जाऊन पुढे काय करावे, हा प्रश्न कोणत्याही विभागाच्या वाट्याला येत नसे. याच सुमारास श्रीमती फातिमा इस्माईल यांनीही मुंबईत पोलिओग्रस्त बालकांसाठी कार्य आरंभिले होते.

व्यवसायोपचार म्हणजे रुग्णाला नोकरी मिळवून देणे नव्हे. कामालाच औषध बनविणे, असा त्याचा अर्थ. हातमागावर धोटा फेकताना खांद्याचा सांधा मोकळा होतो, मातीचा गोळा मळताना बोटांत बळ येते, रंधा मारताना कोपर आणि मनगट दोन्ही हलतात. निव्वळ व्यायामाला कंटाळणारा रुग्ण आपल्या हातून एखादी वस्तू तयार होताना पाहिली की स्वतःहून अधिक वेळ बसतो. सदऱ्याची गुंडी लावणे, भाकरीचा तुकडा मोडणे, स्वतःच्या हाताने घास घेणे या गोष्टी निरोगी माणसाला क्षुल्लक वाटतात. ज्याला त्यांसाठी दुसऱ्याचे तोंड पाहावे लागते, त्याला मात्र त्यांत आपली सारी प्रतिष्ठा सामावलेली दिसते.

एक शाळा काढून कमलाबाई थांबल्या नाहीत. १९५२ मध्ये अखिल भारतीय व्यवसायोपचार संघटना स्थापन झाली आणि तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्याच वर्षी जागतिक संघटना उभी राहिली, तेव्हा तिच्या दहा संस्थापक सदस्यांत नवस्वतंत्र भारताचाही समावेश होता. १९५८ मध्ये नागपूर येथे दुसरी शाळा सुरू झाली. आशियातील पुनर्वसनाचे अनुभव आणि संशोधन एकमेकांपर्यंत पोहोचावे म्हणून त्यांनी स्वतंत्र नियतकालिकही चालविले. जमिनीवर मांडी घालून जेवणाऱ्या, विहिरीचे पाणी ओढणाऱ्या आणि बैठ्या शौचकूपाचा वापर करणाऱ्या आपल्या माणसांना परदेशी पुस्तकांतील उपाय जसेच्या तसे लागू पडत नाहीत. म्हणून येथील रुग्णांसाठी येथेच अभ्यास आणि संशोधन होणे अगत्याचे होते.

१९७९ मध्ये कमलाबाईंचे देहावसान झाले. भारतातील पुनर्वसनकार्याचा इतिहास सांगणारे त्यांचे पुस्तक त्यानंतर प्रसिद्ध झाले. फलटणचे ‘कमला निंबकर बालभवन’ ही मराठी शाळा त्यांचे नाव सांगते. त्यांनी पदविकेच्या शाळेपासून आरंभिलेला हा विषय आज विद्यापीठीय पदवी व पदव्युत्तर शिक्षणापर्यंत पोहोचला आहे. महाराष्ट्रात हे शिक्षण १९९८ साली स्थापन झालेल्या नाशिक येथील आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येते.

तरीही वाचक बंधुभगिनींनो, आपल्या धर्मग्रामातील किती कुटुंबांना या उपचाराची माहिती आहे? पक्षाघात झालेल्या वडिलांना आपण प्रेमाने भरवतो, अंघोळ घालतो आणि कर्तव्य पार पडल्याचे समाधान मानतो. या सेवेचे मोल थोर आहेच. परंतु त्यांच्या हातात चमचा देऊन, तो चार वेळा सांडू देऊन, पाचव्या वेळेची वाट पाहणे ही त्याहून कठीण सेवा आहे. त्यासाठी प्रशिक्षित मार्गदर्शक हवा आणि घरच्यांचा धीर हवा. रुग्णालयातून घरी परतताना पुनर्वसनाची सोय कोठे आहे, हे आपण डॉक्टरांना आवर्जून विचारावे. आपल्या तरुण-तरुणींनी वैद्यकीय शिक्षणाची वाट निवडताना या शाखेचाही विचार करावा. परक्या देशातून आलेल्या एका स्त्रीने आपल्या माणसांच्या हातांसाठी चाळिशीनंतर पुन्हा पाटी हाती घेतली, याचे स्मरण आपल्याला एवढे करण्यास पुरेसे ठरावे.