मंडालेच्या तुरुंगात

इ. स. १९०८ च्या जुलै महिन्यात लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली. केसरीतील लेख हाच त्यांचा अपराध. तेव्हा त्यांच्या वयाची बावन्न वर्षे पुरी होत होती आणि त्यांना मधुमेहाचा विकार जडला होता. काही दिवस साबरमतीच्या तुरुंगात ठेवून सरकारने त्यांना समुद्रापार, ब्रह्मदेशातील मंडाले येथे नेले.

तेथील त्यांची खोली लाकडी होती. फळ्यांच्या फटींतून उन्हाळ्यात तप्त वारा व धूळ आत शिरे. हिवाळ्यात थंडी अंगाला झोंबे. आहार पथ्याचा असे. स्वयंपाकासाठी एक मराठी कैदी दिलेला होता. मायबोलीत बोलण्यास तेवढीच काय ती सोबत. घरची पत्रेही अधिकाऱ्यांनी वाचल्यावाचून हाती पडत नसत.

अशा एकांतात एखाद्याचे मन खचून गेले असते. लोकमान्यांनी मात्र वेळ वाया जाऊ द्यावयाचा नाही, असा निश्चय केला. त्यांनी पुण्याहून ग्रंथ मागविले. पाली, जर्मन व फ्रेंच या भाषांचा अभ्यास चालविला. गीतेच्या अर्थाचे चिंतन तर कित्येक वर्षांपासून चाललेच होते. ते आता कागदावर उतरवावयाचे होते. परंतु तुरुंगाचे नियम कडक! सुटे कागद मिळत नसत. पाने मोजून, त्यांवर आकडे घालून बांधलेल्या वह्याच मिळत. शाईलाही बंदी होती. लोकमान्यांनी शिसपेन्सिल हाती घेतली आणि १९१०-११ च्या हिवाळ्यात, सुमारे पाच महिन्यांत, 'गीतारहस्य' हा प्रचंड ग्रंथ लिहून काढला.

पुढे १९१२ च्या जूनमध्ये तारेने दुःखद वार्ता आली. पत्नी सत्यभामाबाई पुण्यास निवर्तल्या होत्या. अखेरची भेटही झाली नाही. ते दुःख लोकमान्यांनी त्या परक्या मुलखात एकट्याने गिळले.

जून १९१४ मध्ये त्यांची सुटका झाली. ते घरी परतले. पण वह्या सरकारने ठेवून घेतल्या. त्या परत मिळतील की नाही, या चिंतेने स्नेही व्याकूळ झाले. लोकमान्य मात्र शांत होते. वह्या गेल्या तरी ग्रंथ डोक्यात आहे, तो पुन्हा लिहिता येईल, असा त्यांचा विश्वास होता. कालांतराने वह्या परत मिळाल्या आणि १९१५ साली 'गीतारहस्य' वाचकांच्या हाती आले.

फळाची आशा न धरता कर्तव्य करीत राहावे, असे त्या ग्रंथात सांगितले आहे. ग्रंथकर्त्याने ते आधी तुरुंगात आचरून दाखविले होते.