न आलेलं बिल

जरा निवांत जगायला हवं, असं आजकाल जो तो आपल्याला सांगतो. डॉक्टर सांगतात, टीव्हीवरचे महाराज सांगतात, मोबाइलवर सकाळी सकाळी येणारे सुविचार तर रोजच सांगतात. ऐकायला छान वाटतं हो! पण नळाचं पाणी, कुकरची शिट्टी आणि मुलांची रिक्षा एकाच वेळी येते, तेव्हा तो निवांतपणा आणायचा कुठून, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून मैत्रिणींनो, आज अशा एका माणसाबद्दल लिहितेय, ज्याने निवांतपणाचा चक्क पैशापैचा हिशेब मांडला होता. तो हिशेब आपल्या फार कामाचा आहे. आणि त्यात एक जागा कोरी राहिलीय, ती तर खास आपल्यासाठीच.

हा माणूस म्हणजे अमेरिकेतला लेखक आणि विचारवंत हेन्री डेव्हिड थोरो. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या कॉन्कॉर्ड नावाच्या छोट्याशा गावात १२ जुलै १८१७ रोजी त्याचा जन्म झाला. वडिलांचा पेन्सिली बनवण्याचा घरगुती धंदा. आई सिंथिया मोठी खमकी. घरात भाडेकरू ठेवून ती त्यांचं जेवणखाण सांभाळायची. ऐपत बेताचीच, तरी हेन्रीला त्यांनी हार्वर्डला शिकवलं. १८३७ मध्ये पदवी घेऊन तो गावातल्याच शाळेत मास्तर झाला. पण मुलांना छड्या मारल्याच पाहिजेत असा वरून आग्रह झाला, तेव्हा त्याने काही दिवसांतच नोकरी सोडली. मग जॉन या थोरल्या भावाबरोबर स्वतःची शाळा काढली. मुलांना रानावनात फिरायला नेऊन शिकवणारी ती शाळा होती.

हा भाऊ त्याचा जीव की प्राण. १८४२ च्या जानेवारीत दाढी करताना झालेल्या एवढ्याशा जखमेतून जॉनला धनुर्वात झाला आणि तो गेला. हेन्री तेव्हा अवघा चोवीस वर्षांचा होता. आयुष्य किती थोडं असतं, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

तो आळशी होता असं मात्र समजू नका. वडिलांच्या पेन्सिलीत ग्राफाइटबरोबर माती मिसळायची रीत त्याने बसवली आणि त्यांची पेन्सिल देशातल्या उत्तम पेन्सिलींमध्ये गणली जाऊ लागली. धंदा वाढवून पैसा करता आला असता. पण एकदा चांगली पेन्सिल जमल्यावर जन्मभर तेच करत बसण्यात त्याला गोडी वाटली नाही.

गावाबाहेर दीडेक मैलावर वॉल्डन नावाचं तळं होतं. काठची थोडी जमीन त्याचे स्नेही, प्रसिद्ध लेखक एमर्सन यांची होती. त्यांच्या परवानगीने थोरोने तिथे स्वतःच्या हाताने एक खोली बांधली. कुऱ्हाड उसनी आणली, फळ्यांसाठी रेल्वेवरच्या एका मजुराची जुनी झोपडी विकत घेतली. दहा फूट बाय पंधरा फुटांची ती खोली, खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. हार्वर्डच्या विद्यार्थ्याला खोलीचं एका वर्षाचं भाडंच त्याहून जास्त पडायचं! ४ जुलै १८४५ ला तो तिथे राहायला गेला आणि ६ सप्टेंबर १८४७ ला परत आला. दोन वर्षं, दोन महिने, दोन दिवस.

सामान काय, तर एक पलंग, एक टेबल, लिहायचं मेज, तीन खुर्च्या आणि थोडी भांडीकुंडी. एका बाईने पायपुसणं देऊ केलं, तर झटकत कोण बसणार म्हणून त्याने ते घेतलं नाही. मेजावर शोभेचे तीन दगड होते. रोज त्यांची धूळ पुसावी लागते हे लक्षात आल्यावर त्याने ते खिडकीतून बाहेर फेकून दिले. हे वाचलं तेव्हा मला आपल्या दिवाणखान्यातलं शोकेस आठवलं आणि हसूच आलं. दर दिवाळीला आपण त्यातली एकेक बाहुली पुसतो, पुन्हा तिथेच मांडतो आणि वर्षभर तिच्याकडे बघतही नाही.

गंमत म्हणजे हाच माणूस घर धुवायचा तेव्हा रमून जायचा. पहाटे उठून सगळं सामान अंगणात काढायचं, जमिनीवर वाळू-पाणी टाकून खराट्याने घासायची आणि ती वाळेपर्यंत गवतावर मांडलेलं आपलं बिऱ्हाड बघत बसायचं. म्हणजे काम नको असं त्याचं म्हणणंच नव्हतं. त्याला नको होतं ते बिनकामाचं काम.

त्याच्या हिशेबाची रीत अगदी सोपी होती. वस्तूची किंमत पैशात न मोजता, ती मिळवायला आपल्या आयुष्यातले किती तास द्यावे लागतात, त्यात मोजायची. तळ्याशेजारून नुकतीच आगगाडी जाऊ लागली होती. तीस मैलांवरच्या फिचबर्ग गावचं भाडं नव्वद सेंट, म्हणजे मजुराची जवळजवळ एका दिवसाची कमाई. थोरो म्हणायचा, आधी दिवसभर राबून भाडं जमवणार, मग गाडीत बसणार. त्यापेक्षा मी आत्ता चालत निघालो तर तुमच्याआधी पोहोचेन, वर रस्ताभर रानही बघून होईल. अडीच एकरात त्याने मुख्यतः घेवड्याच्या जातीचं पीक घेतलं, नफा ८ डॉलर ७१ सेंटच्या आसपास. अशी सगळी बेरीज-वजाबाकी करून त्याने ताडलं की गरजा आटोक्यात ठेवल्या तर वर्षाकाठी सहा आठवडे मजुरी केली तरी पुरते. उरलेला वेळ आपला.

ही रीत मी आमच्या बचत गटात करून बघितली. एकीला सोफ्यासाठी कर्ज हवं होतं, हप्ता पंधराशे. साड्यांना फॉल-पिको करून तिला एका साडीमागे पन्नास रुपये सुटतात आणि साडीला जातो पाऊण तास. म्हणजे महिन्याला तीस साड्या, साडेबावीस तास, तेही रात्री जेवणं आटोपल्यावर. आम्ही कुणी तिला नको म्हटलं नाही. तिने कागद घडी करून पाकिटात ठेवला आणि पुढच्या बैठकीत सांगितलं, सध्या सतरंजी बरी आहे.

आता ती कोरी जागा. १८५४ मध्ये थोरोचं ‘वॉल्डन’ हे पुस्तक आलं, त्यात हा सगळा जमाखर्च छापलेला आहे. पीठ किती, मीठ किती, दिव्याचं तेल किती, सगळं. पण धुणं आणि कपड्यांची डागडुजी यापुढे आकडाच नाही! ती कामं बहुतेक बाहेर झाली आणि त्यांचं बिल अजून आलेलं नाही, एवढंच तो नोंदवतो. हे बाहेर म्हणजे कुठे? त्याचे चरित्रकार सांगतात की कपडे गावातल्या घरी, आईकडे जायचे. तिथे तो वरचेवर जेवायलाही जात असे. गुलामगिरीला आधार देणाऱ्या सरकारला कर देणार नाही म्हणून १८४६ च्या जुलैत तो एक रात्र तुरुंगात गेला. तेव्हाही कर गुपचूप भरून त्याला सोडवणारी बहुधा त्याची आत्याच होती, असं म्हणतात. त्याच अनुभवातून त्याने १८४९ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, तो पुढे दक्षिण आफ्रिकेत गांधीजींनी वाचला आणि त्यांना मोठं बळ मिळालं.

मग काय, थोरो ढोंगी ठरला? मला नाही तसं वाटत. त्याने एकांताचा आव आणला नाही, येणाऱ्याजाणाऱ्यासाठी जास्तीच्या खुर्च्या होत्याच की. आणि सिंथियाही नुसती धुणी धूत बसणारी नव्हती. ती आणि तिच्या मुली गावातल्या स्त्रियांच्या गुलामगिरीविरोधी संस्थेत १८३७ पासून होत्या. पळून आलेल्या गुलामांना या घराने आसरा दिला. म्हणजे भाडेकरूंच्या पोळीभाजीतून वेळ काढून तिने त्यात स्वतःचं काही केलं. पण त्या वेळेचा हिशेब कुणी छापला नाही.

वाचवलेल्या वेळाचं थोरोने काय केलं? रोज चार-चार तास चालला. त्याची पुस्तकं तेव्हा फारशी खपली नाहीत. पहिल्या पुस्तकाच्या हजार प्रतींपैकी ७०६ प्रकाशकाने घरी परत पाठवल्या. तरी तो जमीन मोजणीची कामं घेऊन पोट भरत राहिला आणि कुठलं फूल कोणत्या दिवशी उमललं, याची वर्षानुवर्षं नोंद करत राहिला. ६ मे १८६२ रोजी क्षयाने तो गेला, तेव्हा ४४ वर्षांचा होता. मागे राहिलेलं लिखाण पुस्तकरूपाने यावं म्हणून त्याची बहीण सोफिया झटली. आणि त्या फुलांच्या नोंदी? दीडशे वर्षांनी बोस्टन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी त्या आजच्या तारखांशी ताडून पाहिल्या. हवामान तापल्यामुळे तीच फुलं आता सरासरी आठवड्याहून अधिक आधी उमलतात, हे त्यातून दिसलं. रिकामटेकडा म्हणून गावाने ज्याला नावं ठेवली, त्याचं बघत बसणं असं कामी आलं.

मराठीत दुर्गाबाई भागवतांनी ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने ‘वॉल्डन’ आणलं आहे. गावच्या वाचनालयात मिळालं तर जरूर वाचा.

आपल्याला काही तळ्याकाठी जायला मिळणार नाही. पण येत्या रविवारी एक करता येईल. वहीचं एक पान घ्या. एका बाजूला लिहा, कुठल्या वस्तूंसाठी आणि कुणाला दाखवण्यासाठी आपले किती तास जातात. तिथले दोन-तीन दगड खिडकीबाहेर जाण्यासारखे निघतीलच. दुसऱ्या बाजूला लिहा धुणं, डबे, झाकपाक, सासूबाईंची औषधं, ज्याचं बिल आपण कधी पाठवत नाही ते सगळं. ते पान घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. पैसे मागू नका, प्रत्येकाकडून रोजचं एक काम मागा. त्यातून अर्धा तास जरी सुटला, तरी तो लगेच दुसऱ्या कामाला देऊ नका बरं का! दारात खुर्ची टाका आणि बसा.