यंत्रकर्ते लक्ष्मणराव किर्लोस्कर

सव्वाशे वर्षांपूर्वी नगरजवळच्या भिंगारपासून दक्षिणेस थेट बेळगावपर्यंत कोठेही गेले, तरी शेतात लाकडी नांगरच दिसे. तो जमीन उकरी. परंतु खालची माती वर उलथून टाकण्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी नव्हते. हरळी-कुंद्याची मुळे जमिनीत तशीच राहत, आणि बैल व माणूस मात्र थकून जात. ही अडचण ओळखून शेतकऱ्याच्या हाती लोखंडी नांगर देणारे कल्पक यंत्रकर्ते म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेतील पाठांतरात त्यांचे मन रमत नसे. चित्रे काढणे आणि यंत्रे न्याहाळणे हे त्यांचे दोन छंद. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पण तेथे एक दुर्दैवी गोष्ट उघडकीस आली. त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतील भेद कळत नव्हता. चित्रकलेचा मार्ग खुंटला. तरी ते खचले नाहीत. यंत्रांच्या आराखड्यांत रंगांचे काम नसते. तेथे रेषा आणि मापे अचूक असली म्हणजे झाले. त्यांनी यंत्ररेखन आत्मसात केले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते त्याच विषयाचे शिक्षक झाले.

१८८८ साली त्यांनी आपले बंधू रामूअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे योग्यता असूनही नोकरीत बढती नाकारली गेली, तेव्हा त्या स्वाभिमानी पुरुषाने राजीनामा दिला व बेळगाव गाठले. सायकली परदेशांतून येत. परक्यांचा माल विकण्यापेक्षा आपण स्वतः काही घडवावे, असे त्यांना वाटू लागले. देशातील बहुतेक लोक शेतीवर जगतात. तेव्हा यंत्र करायचे ते शेतकऱ्याच्या उपयोगाचे, हे त्यांनी ठरविले. प्रथम त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले. मग लोखंडी नांगर हाती घेतला.

नांगर तयार झाला. पण तो घेणार कोण? लोखंडाने जमिनीला विष चढते आणि ती नापीक होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. त्यातच नांगराचे फाळ मऊ असल्याची तक्रार आली. दुसरा एखादा कारखानदार गिऱ्हाइकावर रागावला असता. लक्ष्मणरावांनी मात्र ती तक्रार हाच आपला धडा मानला. फाळ मऊ असेल, तर तो दगडगोट्यांवर घासून झिजतो. अति कठीण असेल, तर ठिसूळ होऊन तुटतो. ओतीव लोखंडाचे हे गुण त्याच्या घटकांवर आणि ते किती वेगाने थंड होते, यावर अवलंबून असतात. लक्ष्मणरावांनी पुन्हा पुन्हा प्रयोग करून नांगर सुधारला. शेतात परीक्षा झाल्यावर शेतकऱ्यांचा विश्वास बसला व मागणी वाढू लागली.

इतक्यात नवे संकट ओढवले. बेळगावातील कारखान्याची जागा सोडावी लागली. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस धावून आले. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. ती जमीन म्हणजे निवडुंग माजलेला, सापांचा सुळसुळाट असलेला ओसाड माळ! १९१० साली लक्ष्मणराव आपल्या सहकाऱ्यांसह तेथे गेले आणि त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तेथे त्यांनी अस्पृश्यतेला थारा दिला नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही त्यांनी कामावर घेतले. एवढेच नव्हे, तर त्यांच्यावर राखणीची जबाबदारी सोपविली.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. परदेशी माल येणे दुष्कर झाले. लोखंड, कोळसा, रंग सर्वांचाच तुटवडा पडला. लोखंडावाचून नांगर कसे करावे? तेव्हा कोल्हापूरचे शाहू छत्रपती यांनी आपल्या जुन्या तोफा दिल्या. एके काळी रणांगणावर आग ओकणारे ते लोखंड भट्टीत वितळले आणि शेतात धान्य पिकविण्याच्या कामी आले. किर्लोस्करवाडीचे काम थांबले नाही. पुढे तेथे उसाचे चरक आणि पाणी उपसण्याचे पंपही तयार होऊ लागले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ साली भारत सरकारने टपाल तिकीट काढून त्यांचा गौरव केला. लक्ष्मणरावांजवळ यंत्रशास्त्राची पदवी नव्हती आणि पदरी मोठे भांडवलही नव्हते. चूक दाखविणाऱ्या शेतकऱ्याचे ऐकून घेण्याची नम्रता आणि ती दुरुस्त होईपर्यंत न थकण्याची चिकाटी, हेच त्यांचे खरे भांडवल होते. यंत्राचा आराखडा कागदावर कितीही सुबक दिसला, तरी त्याची खरी कसोटी काळ्या मातीतच लागते, हे त्यांनी आयुष्यभर ओळखले होते.