पैलवान खाशाबा जाधव

सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर नावाचे खेडे आहे. १५ जानेवारी १९२६ रोजी तेथे दादासाहेब जाधव या पैलवानाच्या घरी खाशाबांचा जन्म झाला. पाच भावांत ते सर्वांत धाकटे. वडिलांनीच त्यांना आखाड्यात उतरविले. कराडच्या टिळक हायस्कुलात शिकत असतानाच अंगाने लहानसर असलेला हा मुलगा चपळाईने मोठमोठ्या गड्यांना चकवू लागला. प्रतिस्पर्ध्याला ढाक लावून आसमान दाखविण्यात त्यांचा हातखंडा होता.

त्या काळी कुस्ती हा केवळ खेळ नव्हता, तो पोटाचा व्यवसायही होता. कोल्हापूर संस्थानात पैलवानांना राजाश्रय मिळे. भोसरीपासून कोल्हापुरापर्यंत गावोगावच्या जत्रांतून इनामाचे फड भरत. पण संस्थाने विलीन झाली आणि हा आश्रय आटला. खाशाबांची उमेद नेमकी याच काळातली.

कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात असताना, महाराजांच्या साहाय्याने, ते १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले. लाल मातीत वाढलेल्या या मल्लाला तेथे गादीवर लढावे लागले. नियमही अनोळखी. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. घरी परतल्यावर मात्र त्यांचे मन स्वस्थ बसेना. पुढील चार वर्षे त्यांनी कसून मेहनत केली.

१९५२ साली हेलसिंकीला जाण्याची वेळ आली, तेव्हा निवडीपासूनच अडचणी उभ्या राहिल्या. आपल्यावर अन्याय झाला असे त्यांना वाटले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती ठरली आणि ती जिंकून त्यांनी संघातील जागा मिळविली. प्रश्न उरला पैशाचा. गोळेश्वरच्या लोकांनी दारोदार फिरून वर्गणी जमविली, पण ती पुरणार कशी? तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणारा शिक्षक विरळाच!

हेलसिंकीत ५७ किलो वजनाच्या बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांना नमविले. जपानच्या शोहाची इशीशी त्यांची झुंज दीर्घकाळ चालली आणि थोडक्या फरकाने हुकली. इशी पुढे सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. घाम पुसायला उसंत न देता खाशाबांना लगेच सोव्हिएत मल्ल रशीद मम्मदबेयोव याच्याशी लढण्यास सांगण्यात आले. नियमाने विश्रांती मिळायला हवी होती. परंतु हरकत घ्यायला तेथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. थकलेल्या अंगाने ते उतरले आणि हरले. कांस्यपदक मात्र त्यांच्या वाट्याला आले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारात मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक होय.

कराड स्टेशनावरून गोळेश्वरला त्यांची मिरवणूक निघाली, तीत शंभराहून अधिक बैलगाड्या होत्या. ढोलताशांचा गजर संपला; गुरूच्या घरावरचा बोजा तसाच होता. खाशाबांपाशी ना जमीनजुमला होता, ना व्यापाराचे भांडवल. जे होते ते कुस्तीचे कसब. त्यांनी कुस्त्यांचे फड भरविले, स्वतः त्यांत उतरले आणि जमलेल्या पैशातून कर्ज फेडून खर्डेकरांचे घर सोडविले. पदकाइतकाच हा व्यवहारही लक्षात ठेवण्यासारखा आहे.

पण फडाच्या उत्पन्नावर संसार चालेना. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून रुजू झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ च्या ऑलिंपिकची आशा मावळली. खात्यातील तरुणांना ते कुस्ती शिकवीत. बढती मात्र दीर्घकाळ लांबली. सेवेच्या अखेरीस ते साहाय्यक पोलीस आयुक्त झाले. निवृत्तीनंतर हक्काच्या वेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धेतील मशाल दौडीत ते धावले होते. त्यानंतर दोनच वर्षांनी, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावे जाहीर होईपर्यंत आणखी सोळा-सतरा वर्षे लोटली. तो स्वीकारायला खाशाबा नव्हते.