विचारायला लाजू नका!

कुटुंबनियोजन हा शब्द आज आपण सहज बोलतो. पण शंभर वर्षांपूर्वी हा विषय काढणंसुद्धा पाप समजलं जायचं. त्या काळात रघुनाथ धोंडो कर्वे यांनी यासाठी अख्खं आयुष्य वेचलं.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. महर्षी कर्वे हे त्यांचे वडील. रघुनाथ नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. पुढे ते गणिताचे प्राध्यापक झाले. लागोपाठच्या बाळंतपणांनी बायका खंगतात, हे त्यांना बघवेना. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारं केंद्र काढलं. या कामापायी विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. पत्नी मालतीबाई मात्र खंबीरपणे पाठीशी राहिल्या.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. लोक चारचौघांत न विचारता येणारे प्रश्न पत्रातून विचारायचे आणि र. धों. सरळ, शास्त्राला धरून उत्तरं द्यायचे. त्यावरून अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. तरी दंड झालाच. पण मासिक त्यांनी मरेपर्यंत चालवलं. १४ ऑक्टोबर १९५३ ला ते गेले.

गर्भनिरोधक गोळी त्यांनी पाहिली नाही. ती १९६० मध्ये अमेरिकेत मान्य झाली. आज ‘माला-एन’ सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पण शिरूर-दौंडकडच्या वस्त्यांवर अजून कुजबुज चालते, गोळीने म्हणे कायमचं वांझपण येतं! तसं काही होत नाही. गोळी बंद केली की दिवस राहू शकतात. सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी, मध्येच थोडं रक्त जाणं असा त्रास होतो, तो बहुतेकींचा दोन-तीन महिन्यांत थांबतो.

पण शेजारणीची गोळी बघून आपण घ्यायची नाही. बीपी, अर्धशिशी, काविळीसारखा लिव्हरचा आजार, पूर्वी रक्ताची गुठळी झालेली असेल, अंगावर पाजत असाल किंवा पस्तिशीनंतर तंबाखू-मिश्रीची सवय असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा. टीबीच्या काही औषधांनी गोळीचा असर कमी होतो, तेही सांगा. गोळी चालू असताना छातीत दुखलं, धाप लागली, एकच पाय सुजून दुखला किंवा एकाएकी नजर अंधुक झाली, तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठा. असं क्वचित होतं, पण अंगावर काढू नका.

मैत्रिणींनो, आपल्या प्रश्नांची उत्तरं देण्यासाठी र. धों. कोर्टाची पायरी चढले. आपल्याला तर फक्त आशाताईच्या दारापर्यंत जायचंय!