समुद्र निळा का? सी. व्ही. रामन यांच्या एका प्रश्नाचा प्रवास

लेक्चर संपल्यावर बॅण्डस्टँड किंवा कार्टर रोडच्या कठड्यावर जाऊन बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं की वांद्र्याचा समुद्र निळा नाही. पावसाळ्यात तर तो थेट चहाच्या रंगाचा होतो. पाण्यात तरंगणारा गाळ आणि माती प्रकाश अडवतात, वाटेल तसा विखरून टाकतात. पण खोल, स्वच्छ समुद्र निळा का दिसतो? शंभरेक वर्षांपूर्वी या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं होतं. समुद्रात आकाशाचं प्रतिबिंब पडतं, म्हणून. हे सांगितलं होतं लॉर्ड रॅले यांनी, म्हणजे नोबेल मिळवलेल्या माणसानं. विषय संपला!

एका माणसासाठी तो संपला नाही. सप्टेंबर १९२१ मध्ये ‘एस. एस. नारकुंडा’ ही बोट इंग्लंडहून मुंबईला आली. तिच्यावर ३२ वर्षांचे प्राध्यापक चंद्रशेखर वेंकट रामन होते. वाटेत भूमध्य समुद्राच्या गडद निळ्या रंगानं त्यांना पछाडलं होतं. त्यांच्याजवळ निकोल प्रिझम होता. तो विशिष्ट कोनात धरला की पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश गाळला जातो. म्हणजे आकाशाचं प्रतिबिंबच गायब. रॅलेंचं बरोबर असेल तर निळाईही जायला हवी होती. ती गेली नाही, उलट आणखी खुलली! रंग पाण्याच्या आतून येत होता. बोट मुंबई बंदरात असतानाच रामन यांनी ‘नेचर’ नियतकालिकासाठी पत्र लिहिलं. त्यावर तारीख होती २६ सप्टेंबर आणि पत्ता होता मुंबई बंदराचा.

हा माणूस काही वर्षांपूर्वीपर्यंत चक्क सरकारी हिशेब तपासत होता. जन्म ७ नोव्हेंबर १८८८, तिरुचिरापल्लीचा. वडील गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचे. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात असताना, अठराव्या वर्षीच, रामन यांचा पहिला शोधनिबंध लंडनच्या नियतकालिकात छापून आला. पण तेव्हा भारतात विज्ञानात करिअर नावाचा प्रकार जवळपास नव्हता. म्हणून त्यांनी वित्त खात्याची परीक्षा दिली, पहिले आले आणि १९०७ मध्ये कलकत्त्यात नोकरीला लागले. पुढे रंगूनला बदली, मग १९१० मध्ये आपल्या नागपूरला, मग परत कलकत्ता.

कलकत्त्यात त्यांना बोबझार रस्त्यावर ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ ही संस्था सापडली. ऑफिसच्या आधी आणि ऑफिसनंतर तिथे प्रयोग, हाच दिनक्रम झाला. १९१७ मध्ये कलकत्ता विद्यापीठानं प्राध्यापकपद देऊ केलं. पगार बराच कमी होता. रामन यांनी राजीनामा दिला आणि विद्यापीठात गेले. घरी लोकसुंदरी होत्या, संसार होता. आजच्या भाषेत सांगायचं तर पॅकेज सोडून माणूस पॅशनच्या मागे गेला. फरक इतकाच की तोवर दहा वर्षं त्यांनी दोन्ही सांभाळून दाखवलं होतं.

आता गोष्ट समुद्रातून थोडी आत, रेणूंपर्यंत न्यावी लागेल. समजा, एखाद्या पदार्थात सगळे रेणू अगदी काटेकोर, एकसारख्या रांगांत आहेत. प्रकाश पडल्यावर प्रत्येक रेणूकडून बाजूला लाटा निघतात, पण एकीच्या उंचवट्यावर दुसरीचा खळगा येतो आणि त्या एकमेकींना खोडून टाकतात. प्रकाश सरळ पुढे निघून जातो. द्रवात मात्र रेणूंची गर्दी इथे थोडी जास्त, तिथे थोडी कमी, आणि तीही क्षणाक्षणाला बदलणारी. मग ही खोडाखोड पूर्ण होत नाही. जो प्रकाश उरतो तो इकडेतिकडे विखुरतो, आणि त्यात निळा जास्त असतो. शिवाय पाणी तांबडा प्रकाश शोषून घेतं. या दोन्हींतून खोल समुद्र निळा होतो. म्हणजे ही निळाई अव्यवस्थेची देणगी आहे! १९२२ मध्ये रामन यांनी प्रकाशाच्या विखुरण्यावर एक छोटं पुस्तकच लिहून काढलं.

पुढची सहा-सात वर्षं रामन आणि त्यांचे विद्यार्थी द्रवांच्या मागे लागले. १९२३ मध्ये के. आर. रामनाथन यांना विखुरलेल्या प्रकाशात एक अगदी फिकट, वेगळ्याच रंगाची झाक दिसली. द्रवात काही भेसळ असेल, असं आधी वाटलं. द्रव पुनःपुन्हा शुद्ध केले, तरी झाक जाईना. शेवटी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी, के. एस. कृष्णन यांच्यासोबत चाललेल्या प्रयोगांत, गोष्ट पक्की झाली. विखुरताना प्रकाशाच्या अगदी छोट्या हिश्श्याचा रंगच बदलतो.

हे कसं होतं? सी लिंकवरून जाताना गाडी टोल भरते, तसा काही प्रकाश रेणूला थोडी ऊर्जा देऊन बाहेर पडतो. ऊर्जा घटली की रंग सरकतो. गंमत अशी की प्रत्येक प्रकारच्या रेणूचा टोल वेगळा. तेव्हा किती टोल कापला गेला हे मोजलं की आत कोणते रेणू होते ते कळतं. हाच रामन परिणाम. त्याच सुमारास मॉस्कोत लँड्सबर्ग आणि मँडेलश्टाम यांनाही क्वार्ट्झच्या स्फटिकात हेच दिसलं होतं, पण रामन यांचं संशोधन आधी छापून आलं. १९३० चं नोबेल त्यांना मिळालं. २८ फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो तो यामुळेच.

पण रामन यांची देवघरात ठेवायची मूर्ती करू नका. १९३३ मध्ये ते बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे संचालक झाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाची पदवी घेतलेल्या कमला भागवत या मराठी मुलीनं तिथे अर्ज केला. मुलगी आहे म्हणून रामन यांनी तो नाकारला. कमलाताई थेट बंगळूरला पोहोचल्या आणि हटूनच बसल्या. अखेर प्रवेश मिळाला, तोही अटी घालून. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, आधी काम दाखवा. त्यांनी दाखवलं. रामन यांना मत बदलावं लागलं आणि मुलींसाठी संस्थेचं दार उघडलं. याच पुढे डॉ. कमला सोहोनी झाल्या, केंब्रिजची पीएच.डी. मिळवून आल्या आणि मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालकही झाल्या. रॅलेंचं उत्तर प्रिझम लावून तपासणाऱ्या माणसानं मुलींबद्दलचं रूढ मत मात्र न तपासताच खरं मानलं होतं. ते कमलाताईंनी त्यांना तपासायला लावलं.

आता कॅन्सर. मोबाइलचा टॉर्च बोटाला लावून बघा. बोट लाल उजळतं, पण आतलं हाड काही दिसत नाही. आपलं शरीर प्रकाशासाठी गर्दीच्या वेळचं वांद्रे स्टेशन आहे. पेशी, केंद्रकं, तंतू, चरबी यांना थडकत प्रकाश इतक्यांदा वळतो की वाटच हरवतो. बरीच वर्षं याकडे अडचण म्हणून पाहिलं गेलं. मग लक्षात आलं की या हरवण्यातच माहिती आहे. पेशी कॅन्सरकडे झुकू लागली की केंद्रक मोठं होतं, आतल्या द्रव्याची मांडणी विस्कटते. अव्यवस्था बदलली की प्रकाश विखुरण्याची तऱ्हाही बदलते.

रामन परिणाम त्याच्या पुढची पायरी गाठतो. मांडणीबरोबर रसायनही सांगतो. त्याचा संकेत फार क्षीण असतो, म्हणून १९६० मध्ये लेझर आल्यावरच त्याला खरी ताकद मिळाली. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरिअल सेंटरचं ‘ॲक्ट्रेक’ आहे. तिथल्या संशोधकांनी तोंडाच्या कॅन्सरवर याच तंत्राचे प्रयोग केले आहेत. बारीक फायबरची नळी गालाच्या आत टेकवायची, लेझर सोडायचा, परत येणारा प्रकाश मोजायचा. निरोगी गालात चरबीच्या रेणूंच्या खुणा ठळक दिसतात, गाठीत प्रथिनांच्या. कापाकापी नाही, टाका नाही. अर्थात हे अजून संशोधन आहे. पक्कं निदान आजही बायोप्सीच करते.

रामन २१ नोव्हेंबर १९७० रोजी बंगळूरमध्ये, स्वतः उभारलेल्या संस्थेच्या आवारात गेले. आपला प्रश्न तंबाखू, गुटखा खाणाऱ्यांच्या गालापर्यंत पोहोचेल हे ‘नारकुंडा’वर त्यांच्या स्वप्नातही नसणार. समुद्र निळा का, हे शोधून उपयोग काय, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर त्यांना ‘कॅन्सर’ असं उत्तर देता आलं नसतं.

ते तंत्र दवाखान्यात येईल तेव्हा येईल. तोवर तुमच्या ग्रुपमध्ये कुणी मावा-गुटख्याच्या नादी असेल तर त्याला एक सांगा. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवड्यांत जखम बरी होत नसेल, तोंड पूर्ण उघडत नसेल, तर डॉक्टर गाठायचा. हे बघायला लेझर लागत नाही. आरसा आणि मोबाइलचा टॉर्च पुरतो.