अंगणातली प्रयोगशाळा

अंगणवाडी म्हटले की डोळ्यांसमोर येतात वजनकाटा, खिचडीचे पातेले आणि लसीकरणाचे कार्ड. भांडुपच्या डोंगरउतारावरच्या वस्त्यांत तर अंगणवाडीताई ही आरोग्य खात्याची पहिली पायरी. पण अंगणवाडी ही कल्पना या सरकारी योजनेहून तीस वर्षांनी जुनी आहे आणि तिची सुरुवात शिक्षणातून झाली. ती रुजवणाऱ्या ताराबाई मोडक यांचे चरित्र शिक्षकांइतकेच पालकांनी आणि आम्हा डॉक्टरांनीही समजून घ्यावे असे आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, प्रार्थना समाजाच्या विचारांत वाढलेल्या केळकर कुटुंबात झाला. मुलींनी शाळेत जाणे हीच मोठी गोष्ट होती, त्या काळात, १९१४ मध्ये, त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. लग्नानंतर त्या अमरावतीला गेल्या. संसार मात्र सुखाचा झाला नाही. पुढे लहान मुलीला घेऊन त्या राजकोटला आल्या आणि तिथल्या स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयात प्राचार्य झाल्या.

नोकरी चांगली होती, मानाची होती. पण जवळच भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे एक वकील वकिली सोडून लहान मुलांचे बालमंदिर चालवत होते. ते काम पाहून ताराबाईंनी प्राचार्यपद सोडले आणि १९२३ मध्ये त्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. त्याच्या ‘शिक्षण पत्रिके’तून त्या पालकांशी आणि शिक्षकांशी बोलू लागल्या.

भावनगरच्या कामामागे मारिया माँटेसरी यांची पद्धत होती. माँटेसरी मूळच्या डॉक्टर. रोममध्ये मतिमंद समजल्या जाणाऱ्या मुलांवर काम करताना त्यांच्या लक्षात आले की हाताला काम दिले की मूल विचार करू लागते. १९०७ मध्ये त्यांनी गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. लहान-मोठे दट्टे, खरखरीत-गुळगुळीत पाट्या, रंगांच्या पट्ट्या अशी साधने मुले स्वतः हाताळत आणि आपली चूक स्वतःच सुधारत. दट्टा खाचेत बसला नाही तर बाईंनी सांगायची गरजच नसे.

अडचण होती ती खर्चाची. ही साधने महाग आणि ठरावीक मापाचीच. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले. तिथे मध्यमवर्गीय घरांतली मुले येत. खेड्यातल्या, मजुराच्या, आदिवासी घरातल्या मुलाचे काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. अखेर १९४५ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, त्या डहाणूजवळच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे आयुष्यभर सोबत राहिल्या.

बोर्डीत पहिला धडा ताराबाईंनाच मिळाला. बालवाडी उघडली तरी दलित वस्तीतली मुले तिथपर्यंत येत नव्हती. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगण झाडायचे, मुलांची हातपाय-तोंडे धुवायची, केस विंचरायचे, नखे कापायची आणि मग खेळ-शिक्षण सुरू. हीच अंगणवाडी. साधने म्हणून पाने, फुले, बिया, खडे, शंख-शिंपले आले. विकत घ्यायचे असे त्यात काहीच नव्हते.

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली वारली मुले गुरे राखत, धाकट्या भावंडांना सांभाळत. शाळेसाठी त्यांना वेळ कुठला? ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, म्हणजे ताई शिकेल आणि धाकटा जवळच राहील. गुराखी मुलांसाठी तर शिक्षकच कुरणात जाऊ लागले. ती कुरणशाळा. तिथे निसर्ग हेच पाठ्यपुस्तक होते. झाडे, पाखरे, पाऊस-पाणी यांची ओळख वारली मुलाला शहरी मुलापेक्षा कितीतरी अधिक असते. त्या ओळखीला प्रश्नांची आणि मोजमापाची जोड देणे एवढेच शिक्षकाचे काम उरते.

यात विज्ञान कुठे आले, असे कुणी विचारील. मूल पानांचे आकाराप्रमाणे ढीग करते तेव्हा ते वर्गीकरण करत असते. कोणता खडा जड हे दोन्ही हातांत तोलून पाहते तेव्हा ते मापन करते. कोणती बी पाण्यात तरंगेल हे आधी सांगून मग टाकून बघते तेव्हा अंदाज बांधून तो तपासून पाहते. वैद्यकीय विद्यार्थ्याला आम्ही रुग्णाजवळ नेऊन हेच शिकवतो : आधी नीट बघ, हाताने तपास, मग निदान सांग. सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचे वजन प्रौढाच्या सुमारे ९० टक्के झालेले असते. त्यामुळे ही सवय लावायला दहावीची प्रयोगवही फार उशिराची ठरते.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला. योजनेच्या सहा सेवांमध्ये पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी यांच्याबरोबर शालापूर्व शिक्षणही आहे. पण किलो आणि डोस मोजता येतात, कुतूहल मोजता येत नाही. त्यामुळे अहवालाच्या रकान्यांत नेमका हाच भाग मागे पडतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. ताराबाईंची वाट पुन्हा धरायला ही संधी चांगली आहे.

त्यासाठी मोठी प्रयोगशाळा नको. मुंबईच्या मोठ्या भागाचे पाणी भांडुपच्या केंद्रात शुद्ध होते. तिथे काय होते, ते पहिली-दुसरीच्या वर्गात काचेच्या दोन ग्लासांत दाखवता येईल. दोन्हींत गढूळ पाणी घ्या, एकात तुरटी फिरवा आणि कोणता ग्लास आधी निवळेल ते मुलांना विचारा. तुरटीमुळे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. मग खरा प्रश्न विचारा : स्वच्छ दिसणारे हे पाणी प्यायचे का? उत्तर ‘नाही’ असेच आहे, कारण डोळ्यांना न दिसणारे जंतू त्यात असू शकतात. म्हणून केंद्रात पाणी गाळल्यावर क्लोरीन मिसळतात आणि शंका असेल तेव्हा घरी आपण पाणी उकळतो.

‘पाणी उकळून प्यावे’ हे वाक्य आपली मुले वहीत दहा वेळा लिहितात आणि मधल्या सुटीत मिळेल ते पाणी पितात. पावसाळ्यात जुलाब-काविळीचे रुग्ण वाढले की या घोकंपट्टीचा उपयोग किती ते रुग्णालयात दिसते. ज्या मुलाने ग्लासात माती बसताना पाहिली आणि तरीही पाणी पिण्याजोगे का नाही यावर डोके चालवले, ते मूल घरी जाऊन आईलाही चार प्रश्न विचारील. त्या प्रश्नांना ‘गप्प बस’ म्हणू नये, इतके तरी आपण पालकांनी करावे.